कथबर्टच्या पेटीतली बदकीण

"पेटी हलवायची नाही," ब्रायनीने होड्यांच्या पडवीच्या दारातच हात आडवे केले. "आत कुणीतरी बसलंय."

तिचा धाकटा भाऊ टोबी फिदीफिदी हसला. संत कथबर्टच्या शवपेटीत आणखी कोण बसणार, म्हणाला. पण चुलतभाऊ निनियनने डोकावून पाहिलं आणि टोबीच्या तोंडावर हात ठेवला. करड्या पिसांच्या मऊ गादीवर एक तपकिरी बदकीण दगडासारखी निश्चल बसली होती. तिच्या पोटाखालून हिरवट अंडी दिसत होती.

हा घोळ मिरवणुकीचा कारभार सांभाळणाऱ्या रॉडमकाकांचा. त्यांनी पेटीला रोगण लावलं, झाकण बाजूला ठेवलं आणि महिनाभर विसरून गेले. दर मेच्या सुट्टीत गाव ही रिकामी पेटी खांद्यावर घेऊन चर्चपासून समुद्रापर्यंत मिरवायचं. अकराशे वर्षांपूर्वी जहाजांतून लुटारू आले, तेव्हा इथल्या मठातल्या साधूंनी कथबर्टचा देह असाच उचलून वाचवला होता. मिरवणूक आज अकराला, आणि दहा तर वाजलेसुद्धा!

ब्रायनीला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. या जातीची बदकीण अंडी उबवताना खायलाही उठत नाही. ती बिथरून उडाली, की अंडी गारठलीच म्हणून समजा.

तिघं धावत रॉडमकाकांकडे गेली. काका साधूच्या झग्यात, भलत्याच घाईत. बदकाला हुसका, पेटी पुसा आणि चर्चच्या दाराशी आणून ठेवा, एका बदकापायी मिरवणूक अडत नसते, असं त्यांनी सुनावलं.

"बरं, काका," ब्रायनी इतकं गोड बोलली की निनियनला शंकाच आली.

अकराला सहा झगेवाल्यांनी जरीच्या चादरीखालचं ओझं उचललं. यंदा संतांचं वजन वाढलंय, असं कुणीतरी कुरकुरलं. अर्ध्या वाटेवर समुद्राचा वारा आला, चादर उडाली आणि खाली निघाली एक शिडी, मासळीची खोकी आणि ओली जाळी! सगळा गाव खो खो हसत सुटला.

"हा काय चावटपणा?" रॉडमकाका लालबुंद झाले.

ब्रायनी पुढे झाली. "या बदकांना कुणी त्रास द्यायचा नाही, असं कथबर्टने बजावलं होतं ना, काका? दरवर्षी भाषणात तुम्हीच सांगता. मग त्याच्याच मिरवणुकीसाठी आम्ही तिला कसं हुसकायचं?"

चर्चच्या पाद्रीबाईंनी मिरवणूक पडवीकडे वळवली. लोक एकेक करून लांबूनच पाहून आले. शहाऐंशी वर्षांच्या सेल्बी आजोबांनी टोपी काढली. कथबर्ट असता तर त्याने स्वतः उठून तिला जागा दिली असती, असं म्हणत त्यांनी तिघांच्या पाठी थोपटल्या.

रॉडमकाका सगळ्यांत शेवटी गेले. परत आले तेव्हा त्यांचा आवाज अगदी खाली आला होता.

"इतकी वर्षं मी नुसती पेटीच वाहिली, पोरांनो. संतांना आज तुम्ही आणलंत."