मागचं दार

उद्या गोठलेल्या तळ्यावरून गाडी नेणार ना, पोरांनो? मग दात काढणं बंद करा आणि ऐका. माझ्या नणंदेचा नवरा राइमो, त्याच्यावर आलेला प्रसंग आहे. तो थापा मारत नाही. तेवढी अक्कलच नाही त्याला.

फेब्रुवारीतली अमावास्या. राइमोला एवर्टआजोबांना दवाखान्यातून तळ्यातल्या बेटावर घरी न्यायचं होतं. नव्वदी उलटलेली, लढाईत जखमींचा ट्रक चालवलेला माणूस. म्हणाले, मरायचं तर माझ्या पलंगावर.

बर्फावर आपण सीटचा पट्टा लावत नाही, दारं किलकिली ठेवतो. बर्फ फुटला तर उडी मारता यावी. आणि मध्ये थांबायचं नाही, उभ्या गाडीच्या वजनानं बर्फ खचतो. राइमोनं पुढची दारं किलकिली ठेवली. पण म्हातारा खोकत होता, म्हणून मागची घट्ट लावली. मूर्ख!

निम्म्या वाटेत आजोबा म्हणाले, "मागचं दार उघड."

"मागं कोण बसलंय? तुमची मैत्रीण?"

म्हातारा हसला नाही. "लढाईचा पहिला हिवाळा. हेच तळं. ट्रकमध्ये मागं एक शिपाई पोरगा होता, पाय तुटलेला. 'दादा, थंडी वाजते, दार लावा.' मी बाहेरून कडी घातली... बर्फ फुटला. मी उडी मारली."

"आणि तो?"

ठक.

"बर्फ वाजतोय," राइमो म्हणाला.

ठक.

बर्फ खालून वाजतो. हे मागून होतं. त्यानं आरशात पाहिलं. सीट रिकामी.

ठक... ठक.

आजोबा मागं वळले. "किती वर्षं ठोकतोयस रे..." मांडीवरचं घोंगडं त्यांनी मागच्या सीटवर टाकलं. "राइमो, थांबव."

"इथं थांबलो तर तिघंही..."

तिघंही. बोलून गेला आणि ब्रेकवर पाय दिला.

थांबवली. खाली लांबवर कडकडलं. धावत जाऊन त्यानं मागचं दार उघडलं.

कुणी नाही.

पण गाडी मागून वर आली. ओझं उतरल्यासारखी.

बेटावर पोचले तेव्हा सीटवर घोंगडं नव्हतं. आजोबा आपल्या पलंगावर झोपले. राइमो रात्रभर चुलीपाशी बसून राहिला.

उजाडल्यावर तो तळ्यावर जाऊन आला. गाडी थांबली होती तिथं हातभर जाड बर्फ. एक तडा नाही.

परत आला, तर पायरीवर घोंगडं. पलटणीत घालतात तशी चौकोनी घडी. गोठून फळीसारखं झालेलं.

चुलीपाशी वितळलं. घडी उलगडली.

आत तळ्याच्या तळचा काळा गाळ होता.