रेवती धकाते यांचा मानक दिवस

मानवजातीने थकव्यावर अखेर विजय मिळवला होता. हजारो वर्षं ज्याच्यापुढे राजे, पैलवान आणि संसारी माणसं सारखीच आडवी झाली, तो थकवा आता विज्ञानाच्या चिमटीत सापडला होता. त्याला मोजता येत होतं आणि मोजता येत असल्यामुळे नाकारताही येत होतं. नागपूरच्या श्रमक्षमता निर्धारण प्रयोगशाळेच्या दर्शनी भिंतीवर हे सगळं संगमरवरात कोरलेलं होतं. त्याखाली, पुठ्ठ्यावर, लिफ्ट बंद असल्याचं लिहिलं होतं.

रेवती धकाते पुठ्ठा वाचून जिन्याच्या पहिल्याच पायरीवर बसली.

"बसा वहिनी, निवांत बसा," तिची नणंद कुंदा म्हणाली. "विजय तर होऊन गेला आहे. आता कायची घाई?"

रेवतीच्या जठरात कॅन्सरची गाठ निघाली होती. शस्त्रक्रियेत गाठ गेली आणि तिच्याबरोबर जठराचा मोठा भागही गेला. डॉक्टर खूश होते. उरलेल्या जठरात मात्र चार घासांपलीकडे काही मावत नसे, आणि ते चार घास पोटात गेले की घाम फुटून हात थरथरू लागत. पाणीपुरवठ्याच्या एका कंपनीत ती तक्रार कक्षात होती. दिवसभर खुर्चीवर बसायचं आणि लोकांचं ऐकून घ्यायचं, एवढंच काम. अंगात ताकद येईपर्यंत मिळायचा असमर्थता भत्ता या प्रयोगशाळेने नाकारला होता. आजच्या अपिलात तो मिळाला नाही तर सोमवारी कामावर हजर व्हायचं, नाहीतर नोकरी सोडायची. नवरा आधीच दोन पाळ्या करत होता. तिसरी अजून कोणी शोधून काढली नव्हती.

वर पोचल्यावर प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. पाटणकर यांनी तिला पाणी दिलं आणि भिंतीवरचा पडदा दाखवला. पडद्यावर एक राखाडी बाई खुर्चीत बसली होती. अंबाडा रेवतीचाच होता.

"हा तुमचा प्रतिदेह," पाटणकर म्हणाले. त्यांचा स्वर मायेचा होता, फक्त ती माया पडद्याकडे वळलेली होती. "तुमच्या शरीराची गणिती प्रतिकृती. रक्त, साखर, स्नायू, कापलेलं जठर, सगळं जसंच्या तसं. माणसाला विचारलं की तो दमलोच म्हणतो. म्हणून आम्ही माणसाला विचारत नाही. प्रतिदेहाकडून आठ तासांचा एक मानक दिवस काम करून घेतो. तुमच्या प्रतिदेहाने तो कुरकुर न करता पार पाडला."

"मग त्या वहिनी नाहीतच," कुंदा म्हणाली.

कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलेल्या डॉ. हेमांगी वझलवार हसू दाबत उठल्या. त्या प्रयोगशाळेत नुकत्याच रुजू झाल्या होत्या आणि अजून प्रश्न विचारत असत.

"सर, हा दिवस सलग चालवला होता?"

"एक तास चालवला. त्याला आठाने गुणलं."

"पण शीण साठतो, सर. पहिल्या तासाचा दुसऱ्यात जातो, दोन्ही मिळून तिसऱ्याच्या डोक्यावर बसतात. आपण एकच ताजा तास आठ वेळा मोजला."

"विजेची बचत होते."

"या हिशेबाने मी एक मिनिट श्वास रोखू शकते, म्हणजे दिवसभर पाण्याखाली राहू शकते."

पाटणकरांनी यावर प्रामाणिकपणे विचार केला. "दिवसभर नाही," ते म्हणाले. "कार्यालयीन वेळेत."

पण ते वाईट गृहस्थ नव्हते, आणि गणित त्यांनाही येत होतं. प्रतिदेह आज पूर्ण दिवस सलग चालवायचं त्यांनी मान्य केलं. अट एकच होती. सलग चालवताना प्रतिकृती मूळ माणसापासून भरकटू लागते. म्हणून अर्जदाराने नाडीदुवा असलेल्या खुर्चीत बसून राहायचं. खुर्चीच्या हातांतून नाडी आणि साखर टिपली जाईल आणि त्यावरून प्रतिदेह ताळ्यावर ठेवला जाईल.

"मधेच उठले तर?" रेवतीने विचारलं.

"दुवा तुटतो आणि चाचणी रद्द होते. पुढची तारीख दिवाळीनंतर."

"आणि मधे जायचं असलं तर?"

"खुर्चीला चाकं आहेत," पाटणकर अभिमानाने म्हणाले.

रेवती बसली.

पडद्यावरच्या बाईसमोर तक्रारदार येऊ लागले. ते ध्वनिमुद्रित होते, पण आवाज खोलीभर घुमत होता. नळाला पाणी नाही. पाणी आहे, पण पिवळं आहे. पिवळं होतं तेच बरं होतं, आता तेही नाही. रेवतीला त्यातले निम्मे आवाज ओळखीचे वाटले. कुंदाने डब्यातली मऊ खिचडी काढून तिला घास भरवला, मग पडद्याकडे पाहून विचारलं, "तिले कोण भरवून राहिलं?"

"तिचं जेवण आम्ही आकड्यात देतो," हेमांगी म्हणाल्या.

"मीठ तरी टाका त्यात."

जेवण झालं आणि पडद्यावरच्या बाईच्या कपाळावर घाम आला. रेवतीच्याही आला. पडद्यावर हात थरथरले, आणि खुर्चीच्या हातावर ठेवलेली रेवतीची बोटंही थरथरली. त्या बाईची तिला मनापासून दया आली. स्वतःची कधी आली नव्हती. आजारपणात इतर कामं फार निघतात.

दुपार कलली. पाणी पुन्हा गेलं, पुन्हा आलं, पुन्हा पिवळं आलं. मग एका तक्रारदाराचं वाक्य चालू असतानाच पडद्यावरच्या बाईने टेबलावर डोकं टेकलं आणि ते पुन्हा उचललं नाही. तक्रारदार बोलतच राहिला.

"झोपली बिचारी," कुंदा हळूच म्हणाली.

हेमांगींनी पाटणकरांकडे पाहिलं. पाटणकरांनी मान डोलावली, पण नियमाप्रमाणे दिवस संपेपर्यंत खुर्ची सोडता येत नव्हती. रेवतीच्या डोळ्यांपुढे पडदा पुढे-मागे होत होता. पाठीतून कळ निघत होती. सोमवारचा विचार धरून ती ताठ बसून राहिली.

घंटा वाजली. पाटणकरांनी निष्कर्ष वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अभिनंदन. प्रतिदेह काम करण्यास असमर्थ ठरला आहे. तीन महिने पूर्ण विश्रांती मंजूर."

कुंदाने पडद्याला हात जोडले. "चला वहिनी. सुटलो."

"एक मिनिट," पाटणकर म्हणाले. ते पुढचं वाचत होते. "ही मंजुरी प्रतिदेहाला आहे. अर्जदार समर्थ ठरल्या आहेत."

कुंदाने पडद्याला जोडलेले हात सोडले.

"सर, त्या दोघी एकच आहेत," हेमांगी म्हणाल्या.

"सकाळपर्यंत होत्या. प्रतिदेह म्हणजे शेवटी अंदाज. अंदाज आणि प्रत्यक्ष निरीक्षण यांत तफावत आली, तर विज्ञान काय मानतं, डॉक्टर?"

इथे येण्याआधी हेमांगींनी हे स्वतःच वर्षानुवर्षं विद्यार्थ्यांना शिकवलं होतं. "प्रत्यक्ष निरीक्षण," त्या नाइलाजाने म्हणाल्या.

"ते खुर्चीने केलं. अर्जदार आठ तास बसल्या, सगळ्या तक्रारी ऐकल्या, एकदाही उठल्या नाहीत. त्यांच्या नोकरीत याहून वेगळं काय आहे?"

"पण मग पहिल्यांदा अंदाजावर कसं नाकारलं?" हेमांगींनी विचारलं.

"तेव्हा निरीक्षण नव्हतं."

"काहून वो सायेब," कुंदा म्हणाली, "उठल्या असत्या तर तुम्ही चाचणी रद्द केली असती. नाही उठल्या तर म्हणता धडधाकट आहे. वहिनीनं कराचं काय होतं?"

पाटणकरांनी चष्मा काढून डोळे चोळले. त्यांचाही मानक दिवस झाला होता. "पुढचं अपील करता येईल," ते म्हणाले. "मात्र त्यासाठी प्रतिदेह लागतो, आणि तो आता तीन महिने उपलब्ध नाही. असमर्थ देहाला कामाला लावणं हा गुन्हा आहे. त्याला संगणकासकट शीतकक्षात ठेवतात. आत गारवा असतो, अंधार असतो, कोणी मोठ्याने बोलत नाही."

कुंदा आणखी काही बोलणार होती, पण रेवतीने तिच्या हातावर हात ठेवला. खुर्चीच्या हातांना धरून ती हळूहळू उभी राहिली. दुवा तुटल्याचा बारीक आवाज झाला. पडद्यावरच्या बाईने टेबलावरचं डोकं हलवलं नाही.

"साहेब," रेवती म्हणाली, "तिच्या त्या खोलीत एक सतरंजी मावेल का? अर्धा तास पडते. मी तिला उठवणार नाही."