डावीकडून तिसरा

त्या दिवशी माझी रोजचीच फेरी होती. सकाळी नऊला बेलफास्टहून बस काढायची, किनाऱ्याकिनाऱ्याने वर जायचं, त्या गाजलेल्या टीव्ही मालिकेचं चित्रीकरण जिथं जिथं झालं तिथं तिथं लोकांना उतरवायचं आणि अंधार पडायच्या आत परत यायचं. नोव्हेंबर लागला होता. समुद्रावर धुकं होतं, पण वारा नव्हता. बसमध्ये ओल्या लोकरीचा वास भरला होता. पर्यटकांना फोटोपुरते झगे देतो ना आम्ही, त्यांचा वास. ते कधी पुरते वाळत नाहीत.

लॉर्कनला जाऊन सहा आठवडे झाले होते. लॉर्कन माझा मोठा भाऊ. ही बस त्याची. मला चालवायला, बोलायला, लोकांना हसवायला त्यानेच शिकवलं. शाळेत माझं काही जमलं नाही, पण त्याची सगळी वाक्यं माझी पाठ होती.

मालिकेत आमच्या गावातले निम्मे लोक मरून झालेत. लॉर्कन तर चार वेळा मेला. बुडालेल्यांची फौज समुद्रातून चालत वर येते, ते दृश्य आमच्याच किनाऱ्यावर घेतलं. बारा सैनिक, पांढरेफटक चेहरे, अंगावर चिंध्या झालेले करडे झगे. डावीकडून तिसरा लॉर्कन. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. त्या दृश्यासाठी त्याची दाढी काढायला लावली होती, त्याचा त्याला आठ वर्षं राग होता. "मरायला अभिनय लागत नाही रे बारक्या," तो म्हणायचा, "थंडी सोसता आली की झालं."

त्याच किनाऱ्यावर तो गेला. एका पर्यटकाचा झगा वाऱ्याने उडून पाण्यात पडला, तो काढायला लॉर्कन खडकावर उतरला आणि लाट आली. लोकांनी नंतर सांगितलं, हाक मारायलासुद्धा वेळ मिळाला नाही.

त्या दिवशी त्याची सुट्टी होती. पाळी माझी होती. मी आदल्या रात्री प्यायलो होतो आणि सकाळी उठलोच नाही. हे फक्त आम्हा दोघांना माहीत होतं. आईला मी सांगितलं, त्याने हौसेने पाळी बदलून घेतली.

देह सापडला नाही. आईला फार काही नको होतं. पुढच्या खोलीत शवपेटी, डोक्याशी मेणबत्त्या, दोन रात्री शेजारपाजारचे लोक, चहा, आणि मग माझ्या वडिलांच्या, आबांच्या शेजारी माती. एवढंच. देहच नाही तर तेही नाही. ती रोज रात्री मागचं दार नुसतं लोटून ठेवायची, कडी लावायची नाही. मी एकदा लावली तर उठून काढून आली.

प्रत्येक जागेचं एक चित्र आमच्याकडे असतं. मालिकेतलं दृश्य, वरून प्लास्टिक चढवलेलं. ते हातभर लांब धरायचं, चित्रातला खडक खऱ्या खडकावर जुळवायचा. नीट जुळला की चित्राची कड दिसेनाशी होते आणि क्षणभर वाटतं, ती माणसं खरंच तिथं उभी आहेत. लोकांना हे फार आवडतं. आमच्या किनाऱ्याचं चित्र मात्र मी सहा आठवडे हातात धरलं नव्हतं. उलटं करून कुणातरी पर्यटकाकडे द्यायचो आणि पाण्याकडे पाठ करून बोलायचो.

त्या दिवशी ते मार्जरी नावाच्या बाईंकडे दिलं. ओहायोच्या, निवृत्त शिक्षिका, हातात काठी.

"बारा बुडालेले सैनिक," मी पाठ केलेलं बोलत होतो, "एकाच रांगेत..."

"अकरा," मार्जरीबाई म्हणाल्या.

"चष्मा पुसा, मॅडम. धुकं फार आहे."

लोक हसले. त्या हसल्या नाहीत. "चाळीस वर्षं वर्गातली मुलं मोजलीत मी. अकरा आहेत. हे बघ, इथं जागा आहे. कुणीतरी उठून गेल्यासारखी."

मी चित्र घेतलं. आमचंच होतं. कोपऱ्यात लॉर्कनच्या सिगारेटचा डाग होता. एक, दोन, मग करडं पाणी, मग चौथा. मला वाटलं, ओल शिरून रंग गेला असेल. अंगठ्याने घासलं. पाणी होतं तसंच राहिलं. त्यावर लाटाही उमटलेल्या होत्या, अगदी बारीक.

मला ते जुळवायचं नव्हतं. पण हात आपोआप वर गेला. डावा खडक डाव्यावर, उजवा उजव्यावर. चित्राची कड नाहीशी झाली. ती मोकळी जागा दोन खडकांच्या मधल्या चिंचोळ्या पाण्यावर आली. चित्र खाली केलं, तर त्याच जागी काहीतरी काळपट वरखाली होत होतं. ओल्या लोकरीसारखं.

मी धावलो. चित्र हातातून सुटून पाण्यात गेलं, ते गेलंच. पाणी छातीला लागलं तेव्हा श्वास थांबला. मी झग्याला धरून ओढलं. आतून एक हात बाहेर आला आणि माझ्या मनगटावर पडला.

मी त्याला ओढत वाळूवर आणला. मागून टाळ्या वाजायला लागल्या. खरं सांगतो, टाळ्या. लोकांना वाटलं, हा फेरीचाच भाग आहे. कुणीतरी ओरडलं, "एकदा पुन्हा! माझा फोटो राहिला!" एकट्या मार्जरीबाई तोंडावर हात धरून उभ्या होत्या.

लॉर्कनच होता. चेहरा जसाच्या तसा. सहा आठवडे समुद्रात राहून कुठं खरचटलेलंही नव्हतं. अंगावर कंपनीचं पिवळं जाकीट नव्हतं, झगा होता. मी म्हटलं, जाकीट समुद्राने नेलं असेल, आणि जो झगा काढायला गेला तोच अंगाला गुंडाळला गेला असेल. दाढीही नव्हती. त्याचंही मी काहीतरी कारण शोधलं. डॉक्टर म्हणाले, थंड पाण्यात कधीकधी असं होतं. पण बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

पोलिसांतल्या हॅना म्हणाल्या, "दाताच्या डॉक्टरांकडून कागद मागवलेत. ते येईपर्यंत थांबलात तर बरं."

आई पुढं झाली. तिने त्याच्या गुळगुळीत हनुवटीवरून हात फिरवला. बराच वेळ फिरवत राहिली. मग म्हणाली, "जन्म दिलाय मी. मला कागद कशाला हवेत? घरी आणा त्याला."

दोन दिवस घर भरलेलं होतं. सँडविचं, चहा, सिगारेटी. शेजारचा मॅलकी पेटीशी उभा राहून म्हणाला, "पहिल्यांदाच बघतोय बुवा, लॉर्कन आहे आणि मला बोलायला मिळतंय." सगळे हसले. आईपण हसली. इतक्या दिवसांनी.

"दिसतो मात्र किती लहान," मॅलकीची बायको म्हणाली. "ओडरन, तुझा धाकटा भाऊ वाटतो रे."

"मेल्यावर सुरकुत्या जातात," मॅलकी म्हणाला. "तुला आशा आहे म्हणजे."

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे स्वयंपाकघरात जेवायला गेले. पेटीजवळ कुणीतरी बसावंच लागतं, म्हणून मी बसलो. खिडकीतून पांढरा उजेड येत होता. मेणबत्तीच्या वासाखाली दुसरा एक वास होता. मला वाटलं होतं समुद्राचा येईल. तो बसमधला होता... न वाळलेल्या झग्यांचा.

मी त्याचा हात धरला आणि सगळं सांगून टाकलं. मी प्यायलेलो होतो. तू मला तीनदा हलवलंस. मी शिवी देऊन कूस बदललेली. तू म्हणालास, झोप बारक्या, मी जातो. "मला माफ कर," मी म्हटलं. "लॉर्कन, एकदा... काहीतरी कळू दे."

त्याची बोटं माझ्या बोटांवर मिटली. हळूच. लहान मुलाची झोपेत मिटतात तशी.

मी ओरडलो नाही. मला भीतीही वाटली नाही, हेच मला आता समजत नाही. मी रडलो. सहा आठवड्यांत पहिल्यांदा पोटभर रडलो. लोक आत आले तेव्हा बोटं सरळ होती. दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला आबांच्या शेजारी पुरलं, पेटीचं पुढचं टोक माझ्या खांद्यावर होतं. त्या रात्री मी गाढ झोपलो.

नऊ दिवसांनी, सकाळी, हॅना घरी आल्या. बसा म्हटलं तरी बसेनात. टोपी हातात फिरवत होत्या.

"मिसेस मॅकॲलिस्टर, पलीकडे स्कॉटलंडच्या बाजूला, एका बेटावर एक देह लागलाय. महिन्याभरापूर्वीच लागला होता. ओळखण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून पडून राहिला." त्यांनी टोपी टेबलावर ठेवली. "अंगावर पिवळं जाकीट आहे. आतल्या खिशात लॉर्कनचा गाडीचा परवाना, तो आत्ता कुठं त्यांना सापडला. काल दातांचे कागद जुळले. शंकेला जागा नाही. तो लॉर्कन आहे."

माझा उजवा हात गार पडला. फक्त तेवढाच.

"मग आम्ही..." मी म्हटलं. "मग आम्ही घरी कुणाला..."

"तेच विचारायला आलेय मी."

आई किटलीजवळ उभी होती. तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. तिने कपात दूध घातलं, हॅनाबाईंसमोर ठेवलं, आणि त्या सहीचे कागद आणायला गाडीकडे गेल्या.

"आई," मी कुजबुजलो, "तू ओळखलंस ना त्याला? लॉर्कनच म्हणालीस ना?"

"हात लावला तेव्हाच कळलं होतं रे, आपला नाही म्हणून."

"मग का आणू दिलास? का पुरलास आबांच्या शेजारी?"

तिने माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा शांत होता. लॉर्कन गेल्यापासून इतका शांत मी तो पाहिला नव्हता.

"त्याने मला आई म्हणून हाक मारली," ती म्हणाली.

मग तिने मागच्या दाराकडे मान कलती केली आणि थोडा वेळ ऐकत राहिली.

"अजून मारतो."