वोझेलच्या वेदीवरचं छत

ढिगाऱ्यातून तिसरं प्रेत निघायच्या आधीच कोतवाल गिल्मारने ओबेर मिस्त्रीच्या मुसक्या बांधल्या होत्या. चौकशीची त्याला गरजच वाटत नव्हती. छत ओबेरने बांधलं, छत पडलं, ईस्टरसाठी झाडलोट करणारी तीन माणसं मेली. एक चर्चचा घंटावाला आणि दोन बायका.

पण पडलेल्या कामाची पाहणी शपथ घेतलेल्या गवंड्यानेच करायची, असा रिवाज होता. म्हणून शहरातल्या मोठ्या चर्चचं काम पाहणाऱ्या म्हाताऱ्या एव्रार उस्तादांना निरोप गेला आणि सोमवारी सकाळी ते खेचरावरून वोझेलला उतरले. ओबेर त्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्यांचं तोंड प्रवासानेच कडू झालं होतं.

"सरदारांचा हुकूम आहे," गिल्मार म्हणाला. "संध्याकाळच्या घंटेपर्यंत दुसरा गुन्हेगार दाखवा. नाहीतर तुमचा चेला लटकला."

"आणि दाखवला तर?"

"तर तो लटकेल. मला काय, दोर एकच आहे."

तळघरात ओबेर भिंतीला टेकून बसला होता.

"छताखालचा लाकडी साचा कधी काढलास?" उस्तादांनी विचारलं.

"काढलाच नाही, उस्ताद! माथ्याचा शेवटचा दगड नोव्हेंबरात, सेंट मार्टिनच्या सणाच्या आठवड्यात बसवला. लगेच थंडी पडली. दंवापासून जपायला भिंतींवर पेंढा आणि शेण घालून आम्ही सगळे घरी गेलो. जूनपर्यंत साच्याला हात लावू नका म्हणून फादरना दोनदा बजावलं. चुना ओला होता."

"दगड बसवल्यावर पूजा झाली?"

"झाली. फादर ओदोंनी दगडावर पवित्र पाणी शिंपडलं, गावाला जेवण दिलं. मेंढी कापली होती."

"चर्चची किल्ली?"

"हिवाळाभर फादरांकडेच असते. मी परवा शनिवारी गावात पाय ठेवला आणि तो आवाज ऐकला."

"आता गप्प बस. कुणी काही विचारलं तरी हो म्हणू नकोस."

उस्तादांनी ढिगारा जमिनीपर्यंत उपसून घेतला. दुपार झाली. दगड निघाले, चुना निघाला. तो आत अजून बोटाने खरवडता येत होता. साच्याचे भिंतीलगतचे चार लाकडी खांबही निघाले. पण छताला ज्यांनी पेलायचं त्या वाकड्या फळ्यांपैकी एकही निघाली नाही.

"चुराडा झाला असेल," फादर ओदों मागून म्हणाले. बारीक माणूस, गालफडं बसलेली.

"ओकाच्या लाकडाच्या वीतभर जाड फळीचा चुराडा होत नाही, फादर. तुकडे होतात. इथे ढलपीसुद्धा नाही."

दाराजवळ तिन्ही प्रेतं कफनात गुंडाळून ठेवली होती. उस्ताद टोपी काढून वाकले आणि तसेच थांबले. पांढऱ्या कापडांवर तपकिरी डाग होते, तिन्हींवर.

घंटावाल्याचं कफन फादरांच्या घरचं होतं. त्यांची घरकामवाली पेरोनेल डोळे पुसत उभी होती.

"बाई, हे कापड कधी धुतलं?"

"दहा दिवसांपूर्वी. हिवाळ्यानंतरचं मोठं धुणं निघालं ना, सगळ्या गावाचं."

"धुण्याला राख कसली वापरली?"

"आमच्याच चुलीतली. हिवाळाभर साठवतो. का हो?"

"डाग पडलेत."

"तेच तर! यंदा काय झालं कोण जाणे. सगळ्या बायका एकमेकींच्या नावाने बोटं मोडतायत. ती म्हातारी माओ म्हणते मी धुण्याच्या पिंपात घाण टाकली. तीच मेली अस्वच्छ!"

उस्तादांची आई धोबीण होती. लहानपणी त्यांनी तिच्या हातचा मार खाल्ला होता, तो राखेच्या मडक्यात भलतीच राख मिसळल्याबद्दल. त्यांनी पेरोनेलला आणखी काही विचारलं नाही.

ते गावातून चालत गेले. कुंपणांवर चादरी वाळत होत्या. एका घरी डाग, दुसऱ्या घरी डाग. चौदा घरं मोजून झाल्यावर त्यांनी मोजणं सोडलं. माओच्या परसात म्हातारी वाफ्यासाठी राख चाळत होती. चाळणीत बोटाएवढे चौकोनी खिळे राहिले होते.

"हे कुठले, आजी?"

माओने चाळणी शालीखाली ओढली. "जुन्या दाराचे."

"एवढं मोठं दार तुमच्या झोपडीला?"

"माझी नातवंडं जगली, मास्तर," एवढंच ती पुटपुटली.

संध्याकाळी गाव चर्चमध्ये जमलं. वर छताच्या जागी आभाळ होतं. ओबेरला दोरखंडासकट आणलं होतं. उस्तादांनी शपथ घेतली.

"छत वाईट नव्हतं," ते म्हणाले. "त्याखालचा साचा हिवाळ्यात काढला गेला. वरवर पाहणाऱ्याला दिसावेत म्हणून खांब तेवढे राहिले. साचा ज्याच्याकडे किल्ली होती त्यानेच काढू दिला. पुरावा घंटावाल्याचं हे कफन, फादरांच्या घरचं. झुडपांच्या राखेने कापड पांढरं निघतं. ओकाच्या राखेने असे डाग पडतात. शहरातल्या धोबिणीला हे पाठ असतं. वोझेलच्या बायकांना कुठून कळणार? ओक सरदारांचा, गावाला त्याला हात लावायची बंदी. यांच्या चुलीत पिढ्यान्‌पिढ्या फक्त वाळकी झुडपं जळली. फादर, तुमच्या चुलीत ओक जळला."

फादर ओदों गुडघ्यांवर बसले.

"जानेवारीत मी आठ मुलांचा बाप्तिस्मा केला आणि आठही पुरली," ते म्हणाले. "पाळण्यात गोठली होती. इथे ओक उभा होता, कोरडा. माथ्याचा दगड बसला, मी आशीर्वाद दिला. मला वाटलं, आता छत स्वतःला पेलेल, म्हणून साचा काढला. नऊ आठवडे पेललंही. गुन्हा माझा आहे."

ओबेरने पहिल्यांदाच मान वर केली.

"शपथेवर सांगा, उस्ताद," गिल्मार म्हणाला. "आणखी कुणाच्या घरी हा ओक जळला?"

सरदारांचा ओक जाळणाऱ्याचा उजवा हात तोडतात, हे तिथे प्रत्येकाला ठाऊक होतं. माणसं रांगेत उभी होती, हात अंगरख्यात लपवून. उस्तादांना वाटलं, फादरांनी कबूल केलंय, धर्मगुरूला फाशी नसते, बिशप त्यांना पाव-पाण्यावर मठात ठेवतील, ओबेर सुटेल. पुरे झालं.

"मला तरी एकाच घरी दिसला," ते म्हणाले.

गिल्मारने मान डोलावली. "म्हणजे फादरने फार तर चार फळ्या जाळल्या. एका चुलीत आणखी किती जाणार? साच्याला किती लागतात?"

उस्ताद सांगून गेले, "चाळीस."

"मग छत्तीस कुठे गेल्या? सोपं आहे. मिस्त्रीने जाताना साचा मोडला आणि नेला. उरलेल्या चार फादरच्या वाट्याला आल्या."

"सगळा मीच जाळला!" फादर ओरडले.

"तुम्ही धर्मगुरू. तुमच्या मानेला आमचा दोर लागत नाही, म्हणून वाटेल ते बोलाल."

"थांबा!" उस्ताद पुढे धावले. "मी खोटं बोललो. चौदा घरं आहेत! चादरी बघा. माओच्या चाळणीतले खिळे बघा!"

"आत्ताच तुम्ही शपथेवर एक घर म्हणालात," गिल्मार शांतपणे म्हणाला. "कोणती शपथ धरू? डागांवरून चौदा घरांचे हात तोडू? सांगा रे, कुणी जाळला ओक?"

"आमच्याकडे झुडपंच जळतात, मालक," एकजण म्हणाला.

"झुडपंच," दुसरा म्हणाला. मेलेल्या एका बाईचा नवरा होता तो.

"आजी, तुम्ही तरी बोला!" उस्तादांनी माओचा खांदा धरला.

माओने त्यांच्याकडे पाहिलं नाही. "जुन्या दाराचे खिळे आहेत," ती म्हणाली. "ते दारही मोडून गेलं."

घंटा वाजवायला कुणी उरलं नव्हतं, म्हणून गिल्मारने शिपायालाच दोरी ओढायला लावली. ओबेरला बाहेर नेताना उस्ताद त्याच्या बरोबरीने चालू लागले. शिपायांनी अडवलं नाही.

"उस्ताद, काम पक्कं होतं ना माझं?"

"पक्कं होतं, पोरा. एक दगडही चुकला नव्हता."

ओबेर क्षणभर थांबला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्याला खरोखरच समजत नव्हतं.

"मग तुम्ही खोटं का बोललात?" त्याने विचारलं.