कागद अपुरे असल्याने

जुना कॉम्प्युटर घ्यायला जाताना चेहऱ्यावर खुशी दिसू द्यायची नाही, हा दिराचा पहिला मंत्र. "वहिनी, आवडला तरी नाक मुरडायचं. आणि डिस्क एकूण किती तास चाललीये तो आकडा तिथेच उघडून बघायचा. विकणारा खोटं बोलेल, आकडा बोलणार नाही." आकडा कुठे दिसतो ते त्याने चिठ्ठीवर लिहून दिलं. जाऊ आतून म्हणाली, "घ्या की. विजेचं बिल भरायला आम्ही आहोतच."

बाईंनी चिठ्ठी घडी घालून पर्समध्ये टाकली. मदत निधीच्या ऑफिसात अकरा वर्षं सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. आजारी पडलेले, हातपाय मोडून बसलेले कामगार तिथे पैशासाठी अर्ज करत आणि निकालाची पत्रं बाई टाइप करत. आठ महिन्यांपूर्वी ऑफिसने त्यांना घरी बसवलं. आता घरबसल्या टायपिंगची कामं मिळवायची, नाहीतर जन्मभर जावेच्या हातचं मुकाट्याने खायचं. गाठीला होते ते पैसे एका जुन्या कॉम्प्युटरपुरते. तो फसला की सगळंच फसलं.

दुपारी चारला बाई एकट्याच दुकानात पोचल्या. दुकान तळघरात होतं. पायऱ्या उतरताच दमट भिंतीचा आणि तापलेल्या धुळीचा वास आला. एक ट्यूबलाइट कुरकुरत होती. भिंतीशी गिऱ्हाइकांसाठी लांब बाक होता, रिकामा.

"हा बघा ताई," दुकानदाराने स्क्रीन पुसली. "ऑफिसातला माल आहे. घरातल्यासारखी पोरांनी ठोकाठोकी केलेली नाही."

बाईंनी ठरल्याप्रमाणे नाक मुरडलं आणि कीबोर्डकडे पाहिलं. मधली लांब पट्टी डाव्या अंगाला घासून पांढरी पडली होती. बाईंचा डावा अंगठा बरोबर तिथेच पडायचा. चालू करायच्या बटणावर चिकटपट्टी होती. ती त्यांनी स्वतःच लावली होती.

"हा... कुठून आणला?"

"मदत निधीचं ऑफिस आहे ना, तिथून. आठ महिने कुलपात पडून होता ताई. वायरसुद्धा गुंडाळलेली. शपथेवर सांगतो." तेवढ्यात त्याचा फोन वाजून बंद पडला. "खाली रेंज नसते. तुम्ही बघा निवांत," म्हणत तो वर गेला.

बाईंनी चिठ्ठी काढून आकडा उघडला. मग बोटांवर हिशोब केला. अकरा वर्षांचे, रोजचे नऊ तास. आकडा त्याहून बराच मोठा होता. वरचे तास मोजले, तर भरले बरोबर आठ महिने. रात्रंदिवस, एकही सुटी न घेता. बाईंना बरंच वाटलं. शपथा घेतो आणि यंत्र चालवतो! आता किंमत पाडता येईल. कोण काय करत होतं ते त्याच्या तोंडावर दाखवावं, म्हणून त्यांनी पत्रांचा फोल्डर उघडला.

आत पत्रं होती. त्या गेल्यानंतरच्या तारखांची, शेकड्यांनी.

पहिलं पत्र एका सुताराच्या म्हाताऱ्या विधवेला. 'आपला अर्ज मंजूर करण्यात येत आहे.' बाईंनी पुन्हा वाचलं. हा अर्ज त्यांनी नामंजूर केला होता, एका सहीवाचून. साहेबांनी सांगूनच ठेवलं होतं, कागद अपुरे असतील तर माझ्यापर्यंत आणू नका, तुम्हीच उडवा. बाई ते काम जेवणाच्या सुटीआधी उरकत, म्हणजे टेबल मोकळं होई. करून सवरून नामानिराळं राहायची चांगली सोय होती ती. त्या विधवेला गेलेलं नकाराचं पत्र परत आलं होतं. पाकिटावर पोस्टमनने लिहिलं होतं, 'मयत'.

दुसरं पत्र खोकणाऱ्या पहारेकऱ्याला. मंजूर. तिसरं बोटं गेलेल्या छपाईवाल्याला. मंजूर. बाईंनी नाकारलेला एकेक माणूस तिथे होता, आणि प्रत्येक पत्राखाली त्यांनीच बसवलेलं वाक्य होतं, साहेबांनी वाखाणलेलं: 'आपण दाखवलेल्या संयमाबद्दल आभारी आहोत.'

सगळ्यांत एकच पत्र नकाराचं निघालं. ते बाईंच्या नावावर होतं. आपल्या राहिलेल्या पैशांसाठी त्यांनी केलेल्या अर्जाचं उत्तर. तीन महिन्यांपूर्वी ते घरी आलं, तेव्हा बाई रडण्याआधी चिडल्या होत्या, की माझं वाक्य चोरलं कुणी?

आतला पंखा घरघरला. कशालाही हात न लावता एक कोरं पान उघडलं. वर आजची तारीख आली. बाईंचं नाव आलं. मग एकेक अक्षर उमटत गेलं... 'आपला दुसरा अर्ज मिळाला.'

दुसरा अर्ज बाईंनी काल संध्याकाळी लिहिला होता. तो अजून घरी, कपाटातल्या साड्यांखाली होता.

'त्याचा विचार करून आपला अर्ज...' इथे अक्षरं थांबली. रेघ लुकलुकत राहिली.

मागे बाक करकरला. ओल्या छत्र्यांचा वास आला. प्लास्टिकच्या पिशवीतून कागद काढताना होतो तसा आवाज झाला, मग दुसऱ्या पिशवीचा. कुणीतरी दबून खोकलं. बाईंनी मागे पाहिलं नाही. अकरा वर्षांत त्यांनी बाकाकडे कधी पाहिलं नव्हतं. मान वर केली की माणसं बोलायला लागतात, हे त्या पहिल्याच आठवड्यात शिकल्या होत्या.

रेघ लुकलुकत होती. एकच शब्द टाइप करायचा होता. बाईंना तो हवा होता, अगदी जिवापासून हवा होता. त्यांनी हात कीबोर्डवर ठेवले. बटणं कोमट होती. आणि बोटं त्यांना न विचारता सवयीने धावत सुटली... 'कागद अपुरे असल्याने नामंजूर करण्यात येत आहे.' शेवटच्या आभाराच्या वाक्यापर्यंत ती थांबली नाहीत.

मागे बाक पुन्हा करकरला. चपला घासत पायऱ्यांकडे गेल्या. एक... दोन... बाईंनी मोजायचं सोडून दिलं.

थोड्या वेळाने दुकानदार खाली आला. "मग ताई? किमतीच्या लायकीचा आहे ना?"

"आहे," बाई म्हणाल्या. "यंत्रात काही दोष नाही." तो इथे टाकून जायचा, तर उद्या दुसरं कुणीतरी ती पत्रं उघडून वाचणार. त्यांनी घासाघीस न करता पैसे पुढे केले. दुकानदाराला लॉटरी लागल्यासारखं झालं.

"संध्याकाळी घरपोच करतो," तो पावतीपुस्तक उघडत म्हणाला. बाई पत्ता सांगायला लागल्या. त्याने हात वर केला. "लिहिलाय ताई. तुमच्याबरोबर आलेली माणसं जिन्यात भेटली ना, त्यांतल्या एका म्हाताऱ्या बाईंनी सांगितला." त्याने पावती फाडून पुढे धरली. पत्ता बिनचूक होता. "आणि निरोप दिलाय, उद्यापासून घरी बसायला काहीतरी मांडून ठेवा. त्यांना फार वेळ उभं राहवत नाही म्हणे."