शेपटीखालची पट्टी

हर्सूल तलावामागच्या माळावर रिमोटवरचं एक लहानसं विमान उलटं उडत होतं. पोट आभाळाकडे, तरी रेषा अगदी सरळ. फिरायला आलेली मेघा थबकली. असं उडवणारा तिला एकच माहीत होता... आणि तो तर पुण्यात होता ना?

"नाक झुकतंय जरा," ती मागून म्हणाली.

अभयनं वळून पाहिलं नाही. फक्त त्याचे कान लाल झाले. "झुकत नाय. डोळे तपासून घे."

विमान उतरल्यावर तिनं ते उचललं. पंख वरून-खालून सारखेच फुगीर, टोकं सरळ. तिचं बोट शेपटीखालून फिरलं.

"पट्टी शोधतेस?"

"शोधणारच."

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी दोघांनी तिच्यासाठी असंच विमान बनवलं होतं. गोंदानं चिकटलेली बोटं, पंख वाळेपर्यंत चहावर चहा, आणि उगाच लांबलेल्या गप्पा. स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी अभयनं तिला न सांगता शेपटीच्या मागच्या कडेखाली बाल्सा लाकडाची पातळ पट्टी सरकवली. तिचा हात चुकला तरी नाक आपोआप वर राहावं म्हणून. स्पर्धेत तिनं नेमकं विमान उलटं केलं. उलट्या विमानाला वर म्हणजे जमीन. ते थेट मातीत घुसलं. तुकडे वेचताना तिला पट्टी सापडली, आणि ती त्याच्याशी बोलायची थांबली.

"मला वाटलं, तू घाबरशील," तो आता म्हणाला.

"घाबरले असते. माझी मी."

"व्हय. कळायला वेळ लागला."

तिनं विमान खाली ठेवलं. "उद्या नाशिकला चाललेय. नोकरी लागली तिथं."

"कायमची?"

"बहुतेक."

त्यानं रिमोट तिच्यापुढे धरला. पूर्वी त्याचा अंगठा तिच्या अंगठ्याशेजारी तयार असायचा. आज त्यानं दोन्ही हात खिशात घातले.

विमान वर गेलं. तिनं श्वास रोखून ते उलटं केलं, रिमोटवरची काडी किंचित पुढे दाबली... ते तसंच राहिलं. कुणी मागून धरल्यासारखं नाही. ती ठेवील तिथं.

"मेघा, आत्ता तुला माझ्याकडे बघता येत नाय, म्हणून सांगतो—"

"अभय, विमान उलटं आहे."

"म्हणूनच. तू तेव्हाही आवडायचीस. आताही... लई."

एक पंख कलला. खिशातल्या त्याच्या मुठी आवळल्या, पण हात बाहेर आले नाहीत. तिनं पंख सावरला, विमान सरळ केलं आणि अलगद धुळीत टेकवलं.

मग रिमोट खाली ठेवून ती वळली. "आता बघतेय. परत सांग."

त्याचे कान पुन्हा लाल झाले. "नाशिकला... असा माळ आहे का?"

"शोधू," ती म्हणाली.