एकशे त्रेचाळिसावं पान

समासात काहीच नव्हतं.

सोइला तोअपांताने एकोणऐंशी सालची लग्नांची वही खिडकीशी ओढली, चष्मा पुसला आणि पान पुन्हा पाहिलं. पान एकशे त्रेचाळीस. अन्सेल्मो गुआमान आणि ओब्दुलिया चिकाइसा यांचं लग्न. खाली नवऱ्याची सही, नवरीच्या जागी अंगठा, त्यातून एक तिरकी पांढरी रेघ गेलेली. साक्षीदार, शिक्का, सगळं जागच्या जागी. घटस्फोट झाला की कोर्टाचा हुकूम इथेच, समासात, लाल शाईने चढवतात. तो शेरा नसेल तर बाई अजून पहिल्या नवऱ्याचीच.

"इथे होता," काउंटरपलीकडून ओब्दुलिया म्हणाली. "चार ओळी, लाल. शहाऐंशी साली कोर्टाच्या कारकुनाने मला उभं करून वाचून दाखवल्या. मला वाचता येत नव्हतं, पण लाल रंग कळत होता."

"त्यानंतर कधी पाहिलंत?"

"नाही. त्र्याण्णवला दाखला काढायला लिसान्द्रो आले होते. घरी येऊन म्हणाले, शेराच नाही, कारकुनाने तुला फसवलं. मी रडले आणि गप्प बसले."

"मग आजच कशा आलात?"

"आज मला वाचता येतं. म्हटलं, एकदा आपल्या डोळ्यांनी बघावं."

आणि तिने पाहिलं होतं. पन्नाशीची बाई, शाल खांद्यावरून घसरलेली, ओठ घट्ट मिटलेले. सोइला नोंदणी कचेरीतल्या या खुर्चीवर अकरा वर्षं बसत होती. खोटं बोलणारे तावातावाने बोलतात, हे ती शिकली होती. ही बाई तावात नव्हती, घाबरलेली होती.

घाबरायला कारण होतं. लिसान्द्रो पारेदेसबरोबर ती तेवीस वर्षं राहत होती. त्याच्या जठरात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी तीन आठवडे सांगितले. तो जायच्या आत लग्न लागावं हा हट्ट ओब्दुलियाचा. घर लिसान्द्रोच्या नावावर. लग्नाची बायको नसेल तर ते त्याच्या बहिणीकडे, क्लेमेन्सियाकडे जाणार, आणि क्लेमेन्सियाने पडद्यांसाठी खिडक्यांची मापं आत्ताच घेऊन ठेवली होती. शिवाय चर्चमधला शेवटचा बाक. 'दुसऱ्याची बायको' म्हणून ओब्दुलिया तेवीस वर्षं तिथे बसली आणि प्रसादाला एकदाही उठली नाही.

"शुक्रवारी लग्न लावायचं म्हणता. आज सोमवार," सोइला म्हणाली. "कोर्टाचं दप्तर जळालं. वहीच्या दुसऱ्या प्रतीत शेरे चढवायचे कष्ट आमच्याकडे कधी कोणी घेतले नाहीत. मला जरा शोधू द्या."

"मी खोटं बोलत नाही, बाई."

"तसं मी म्हटलं नाही."

अन्सेल्मो बाजारात सापडला. निखाऱ्यावर कुईंची, म्हणजे गिनिपिगांची, रांग भाजत होता, पोट सुटलेलं, तोंडात शीळ. मागच्या वर्षीच किनाऱ्यावरून गावी परतला होता. सोइलाचा पहिला संशय त्याच्यावर होता. सोडलेल्या बायकोचं सुख न बघवणारे नवरे तिने पुष्कळ पाहिले होते.

"तुमचा घटस्फोट झाला होता?"

"झाला होता म्हणजे? त्या आनंदात मी आठवडाभर प्यायलो होतो, सगळ्या गावाला विचारा."

"वहीत शेरा नाही."

शीळ थांबली. "असं कसं? अठ्ठ्याऐंशीला मी किनाऱ्यावर दुसरं लग्न केलं ते तुमच्याच कचेरीचा दाखला दाखवून. तो नसता तर तिथल्या साहेबाने मला दारातूनच हाकललं असतं."

"दाखला कुठे आहे?"

"त्यांच्याकडे. फोन करा, मागवा."

"ओब्दुलियाने आता लग्न केलं तर तुम्हाला काही अडचण?"

अन्सेल्मोने कुई उलटली, मग हात पुसले. "मी तिला मारायचो, बाई. कोर्टात कबूल केलंय मी ते. अजून तिच्या वाटेत आडवा यायला मला तोंड आहे का?"

सोइलाने किनाऱ्यावर फोन लावला. दाखला होता. समासातल्या चार लाल ओळी त्यात जशाच्या तशा उतरवलेल्या होत्या. म्हणजे अठ्ठ्याऐंशीला शेरा पानावर होता आणि आज नव्हता. लाल शाई इतक्या सफाईने खरवडून निघत नाही. आणि हे पान तर खरवडलेलंही नव्हतं.

ओब्दुलियाला दाखला मिळणार, एवढं नक्की झालं. पण वहीत खोटं पान असेल तर सोइलाच्या शिक्क्याला अर्थ काय राहिला? तिला राग आला, आणि तो उतरेना.

बुधवारी ती लग्नाचा अर्ज घेऊन लिसान्द्रोच्या घरी गेली. दार क्लेमेन्सियाने उघडलं.

"या, या. नवरीला शोधताय? स्वयंपाकघरात आहे. पन्नासाव्या वर्षी बोहल्यावर चढायचं म्हणजे ताकद हवी ना, बटाट्याचं लोक्रो सूप ढवळतेय."

"तुम्ही इथेच राहता?"

"अजून नाही," क्लेमेन्सिया गोड हसली. "पण माझा भाऊ कोणाच्या बायकोशी लग्न करणार, ते तरी एकदा कळू दे गावाला."

आतून ओब्दुलिया म्हणाली, "डोन्या क्लेमेन्सिया, तुमचा चहा निवतोय." एवढंच.

खोलीत खळीचा वास होता. भिंतीशी पुस्तकं दाबायचा लाकडी दाब, खिळ्यावर सुऱ्या टांगलेल्या. लिसान्द्रो गावाचा बांधणीकार. शाळेच्या प्रमाणपत्रांवरची नावंही तोच लिहायचा. त्याच्या अक्षरासाठी आया मुलांना अभ्यासाला बसवायच्या. आता तो उशीला टेकून बसला होता, गालफडं बसलेला. बोटं कापत होती आणि त्यांच्यावर सुरीचे जुने वण होते.

"डॉन लिसान्द्रो, तुमचे कागद?"

उशीखालून त्याने जन्माचा दाखला काढला. कागद पिवळा पडलेला, शहात्तर सालचा, दक्षिणेकडच्या त्याच्या जन्मगावचा.

"तिचा कागद सापडला?" त्याने विचारलं.

"शोधतेय."

"नसेल सापडत तर राहू द्या. तिला उगाच त्रास. आमचं काय, असंच चाललं इतकी वर्षं."

"ओब्दुलियांचं तसं म्हणणं नाही."

"ती हट्टी आहे," तो म्हणाला, आणि या शब्दात इतकी माया होती की सोइलाला क्षणभर स्वतःचीच लाज वाटली.

सही त्याला जमेना. सोइलाने शाईची गादी पुढे केली आणि त्याचा अंगठा अर्जावर टेकवला.

कचेरीत परतल्यावर तिने दाराला कडी घातली आणि एकोणऐंशीची वही पुन्हा काढली. या वेळी लिहिलेलं वाचायचं नाही, नुसता कागद बघायचा, असं तिने ठरवलं.

जुन्या वह्यांना कसर लागली होती. एक किडा एकशे अडतिसाव्या पानातून आत शिरला होता आणि एकशे पन्नासाव्यातून बाहेर पडला होता. मसुराएवढं भोक, पानामागून पान, त्याच एका जागी; आकडा प्रत्येक पानाच्या एकाच बाजूला. एकशे बेचाळीसला होतं, एकशे चव्वेचाळीसला होतं. एकशे त्रेचाळीसला नव्हतं.

तिने वहीचा शेवट उघडला. वर्ष संपल्यावर तेव्हाच्या अधिकाऱ्याने लिहून ठेवलं होतं: शेवटी तीन पानं कोरी. सोइलाने मोजली. दोन. मग मागच्या पुठ्ठ्याच्या आत लावलेली चिठ्ठी वाचली: नगरपालिकेच्या हुकमावरून वही नव्याने बांधली, ब्याण्णव.

तिने नवा अर्ज वहीशेजारी ठेवला आणि भिंग घेतलं. ते दोन्हींवरून पुन्हा पुन्हा फिरवलं. मग दक्षिणेतल्या त्या जन्मगावी फोन लावला. तिथल्या बाईने वही काढून आणली, वाचून दाखवली. सोइलाने तिला ते दोनदा वाचायला लावलं.

गुरुवारी सकाळी ती पुन्हा त्या खोलीत उभी होती. ओब्दुलिया पलंगाशी बसली होती, क्लेमेन्सिया दाराशी.

"ओब्दुलियांचा घटस्फोट झाला होता," सोइला म्हणाली. "अन्सेल्मोचं दुसरं लग्न त्याच कागदावर झालं. दाखला येतोय."

ओब्दुलियाने डोळे मिटले. "देवा," एवढंच ती पुटपुटली.

"म्हणजे कारकुनाने फसवलं नव्हतं. पान बदललं गेलं. आजूबाजूच्या पानांना कसरीचं भोक आहे, त्या पानाला नाही. वहीच्या शेवटचं एक कोरं पान काढून कोणीतरी त्यावर जुनी नोंद उतरवली, पाठीमागची दुसऱ्या जोडप्याची नोंदसुद्धा, सह्यांसकट. फक्त लाल शेरा तेवढा वगळला. आणि पान असं शिवलं की अठरा वर्षांत कोणाला पत्ता लागला नाही. असं शिवणारा आणि असं लिहिणारा माणूस या गावात एकच आहे. ब्याण्णवमध्ये वह्या त्याच्याच दाबाखाली होत्या."

क्लेमेन्सिया म्हणाली, "काहीतरी बोलू नका. माझा भाऊ कशाला असं करेल? अडचण तर हिची होती."

"सगळं गाव हिच्याच कागदाकडे बघत होतं, मीसुद्धा. यांच्या कागदाकडे कोणी पाहिलं नाही. लग्नाला जन्माचा दाखला तीन महिन्यांच्या आतला लागतो, कारण लग्न झालं की त्याची नोंद जन्माच्या पानावर चढते. यांनी मला चौतीस वर्षांपूर्वीचा दिला. आणि सह्या सगळ्या नक्कल करता आल्या, पण ओब्दुलियांनी सही केली नव्हती, अंगठा दिला होता. अंगठ्याची नक्कल कशी करणार? त्यांनी स्वतःचाच टेकवला. त्यातून सुरीच्या वणाची रेघ गेलीय. काल अर्जावर तीच उमटली."

ओब्दुलियाने लिसान्द्रोचा हात उचलला, उताणा केला आणि बघितला. मग पांघरुणावर परत ठेवला.

"तुमचं लग्न झालेलं होतं," ती म्हणाली.

लिसान्द्रोने मान खाली घातली. "अठ्ठ्याहत्तरला. दीड वर्ष राहिलो. मग निघून आलो. क्लेमेन्सियालाही कळू दिलं नाही. तुला सांगायचं होतं, आधी धीर झाला नाही. ब्याण्णवमध्ये पाद्रीबाबा म्हणाले, तिचा दाखला मीच काढतो, तुमचं लग्न लावून टाकू. माझ्या तोंडचं पाणी पळालं. माझा कागद मागितला असता तर तू निघून गेली असतीस. वही तेव्हा इथेच होती."

"म्हणून माझा कागद फाडलात."

"तुला गमवायचं नव्हतं."

"लोक मला काय म्हणायचे, ऐकलंत ना तुम्ही? इथे, याच खोलीत मी रडायचे. तुम्ही माझे डोळे पुसायचात." तिचा आवाज चढला नाही. "मला वाटायचं, केवढा मोठा माणूस. माझ्या पापासकट मला घरात ठेवलंय."

सोइलाला उरलेलं सांगणं जिवावर आलं, पण ते सांगायलाच ती आली होती.

"दक्षिणेतल्या वहीत यांच्या लग्नाच्या समासातही शेरा आहे. बायकोने, नवरा टाकून गेल्याचं कारण देऊन, घटस्फोट घेतला. साल नव्वद."

लिसान्द्रोने मान वर केली. "नव्वद?"

"पान फाडलंत तेव्हा तुम्ही दोन वर्षं मोकळे होतात, डॉन लिसान्द्रो. एक फोन केला असता तर कळलं असतं. खोट्या पानाचं मला वर कळवावं लागेल, ते मी कळवणार." मग ती क्लेमेन्सियाकडे वळली. "आणि दोघंही मोकळे असताना वीस वर्षं एका छपराखाली राहिले, तर कायद्याने घरावर हिचा बायकोइतकाच हक्क आहे. लग्न लागो न लागो."

क्लेमेन्सियाने शाल उचलली आणि ती निघून गेली.

लिसान्द्रो रडत होता. "मग उद्या होऊ शकतं," तो म्हणाला. "ओब्दुलिया, आता काही आड येत नाही. उद्या लावून टाकू."

तिने त्याचं पांघरूण नीट केलं.

"नाही," ती म्हणाली. "मी तुमचं सगळं करीन. औषध, अंघोळ, शेवटपर्यंत. तुम्हाला टाकून जाणार नाही, टाकणं काय असतं ते मला माहीत आहे. पण लग्न नको. तुमची बायको व्हावं असं मला तेवीस वर्षं वाटत होतं. आज वाटत नाही."

मग ती सोइलाला म्हणाली, "अर्ज मागे घ्यायचा तर काय करावं लागतं?"

सोइलाने पिशवीतून अर्ज काढला, खाली एक ओळ लिहिली आणि तिच्यापुढे धरला. ओब्दुलियाने तो खिडकीशी नेला. पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, ओठ हलवत, सावकाश वाचला. मग खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं. पलंगावर लिसान्द्रोने तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.